शिबंदी कोणाच्या हुकमातली?

१८१७ च्या डिसेंबरात नागपूर शहरात एक चमत्कारिक पेच पडला होता. राजा इंग्रजांच्या छावणीत, शहर राजाच्या शिपायांच्या ताब्यात, आणि राजा आपल्याच शिपायांना निरोप धाडतो आहे की शहर खाली करा. शिपाई ऐकायला तयार नाहीत. मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले १६ डिसेंबरला सकाळी रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या स्वाधीन झाले होते. इकडे राजवाड्याभोवतीच्या तटाआड सुमारे ३ हजार अरब आणि त्यांच्या जोडीला हिंदुस्थानी पायदळ ठाण मांडून बसले होते. राजाचा शिक्का आता रेसिडेन्सीत चालत होता, पण शहराचा दरवाजा त्या शिक्क्याने उघडत नव्हता. ३० तारखेला अरब बाहेर पडले तेही राजाच्या हुकमाने नव्हे, स्वतः ठरवलेल्या अटींवर.

सीताबर्डीची लढाई विदर्भात सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या मागून आलेले हे दोन आठवडे सहसा कोणी सांगत नाही, सांगितले तर शेपूट म्हणून. माझ्या मते नागपूरच्या राज्याचे खरे भांडण याच दोन आठवड्यांत उघडे पडते. राजधानीतल्या हत्यारबंद माणसांवर हुकूम कोणाचा, आणि तो कशाच्या जोरावर, हा प्रश्न १८१६ च्या तैनाती तहाने उभा केला आणि १८५७ पर्यंत तो पुरता मिटला नाही. त्याची झळ साठेक किलोमीटरवरच्या भंडाऱ्याला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांना, पुरेपूर लागली.

हा प्रश्न नागपूरच्या वाट्याला आला तसा त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी लंडनच्याही आला होता. १६४२ च्या जानेवारीत राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला स्वतः पार्लमेंटात गेला, ते निसटले आणि शहरात लपले. आठवड्याच्या आत राजालाच लंडन सोडावे लागले. शहराच्या शिबंदीवर, तिथल्या ट्रेन्ड बँड नावाच्या नागरी पलटणींवर, फिलिप स्किपन हा कसलेला शिपाई नेमला गेला तो शहराने आणि पार्लमेंटाने, राजाने नव्हे. मार्चमध्ये पार्लमेंटाने राजाच्या सहीवाचूनच शिबंदीचा हुकूमनामा काढला. काही काळापुरती तरी शिबंदी आमच्याकडे द्या, या मागणीला राजाने तासभरसुद्धा देणार नाही अशा अर्थाचे उत्तर दिले. नोव्हेंबरात राजाची फौज लंडनच्या वेशीशी, टर्नहॅम ग्रीनला आली, तेव्हा हीच शिबंदी आडवी उभी राहिली आणि राजा मागे फिरला.

गंमत पुढे आहे. १६४७ मध्ये राजा कैदेत असताना भांडण विजेत्यांतच लागले. मे महिन्यात शहरातल्या प्रेस्बिटेरियन पक्षाने शिबंदीची समिती आपल्या माणसांनी भरली. जुलैत पार्लमेंटाच्याच न्यू मॉडेल फौजेच्या दबावाखाली पार्लमेंटाने ती रद्द केली. तीन दिवसांत शहरातल्या उमेदवार कारागिरांचा जमाव पार्लमेंटात घुसला आणि निर्णय फिरवून घेतला. ऑगस्टच्या आरंभी फौज लंडनमध्ये शिरली आणि वाद संपला. नागपूरशी ताडून पाहायची ती ही १६४७ ची अवस्था, कारण इथेही राजा हातात आल्याने शिबंदी हातात आली नव्हती. एक मोठा फरक मात्र आहे. लंडनची शिबंदी शहरातल्या दुकानदारांची आणि कारागिरांची होती, त्यांच्या घरादारांचा प्रश्न होता. नागपूरची शिबंदी पगारी होती, आणि तिचा मोठा भाग समुद्रापलीकडच्या हद्रमौतातून नशीब काढायला आलेल्या अरबांचा होता. त्यांची बायकापोरे मात्र याच शहरात राहत होती, आणि शेवटी वाटाघाट अडली तीही त्यांच्यापाशीच.

भोसल्यांच्या फौजेचे गणित बिघडले ते १८०३ मध्ये. असईला आणि अडगावला इंग्रजांकडून हार झाली, गाविलगड गेला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक आणि पश्चिम वऱ्हाड नागपूरचे राजे दुसरे रघुजी यांच्या हातून सुटले. उत्पन्न आटले, फौज मात्र एकदम कमी करता येत नव्हती. पगार तुंबवणे, सावकाराकडून उचल घेणे आणि उरलेल्या मुलखावर पट्ट्या बसवणे हे तीन मार्ग उरले. रघुजींनी तिन्ही वापरले. पैशाच्या या ओढीमुळे लोक त्यांना ‘मोठा बनिया’ म्हणत. आडनावाने भोसला आणि वृत्तीने वाणी हा टोमणा इंग्रजी कागदपत्रांतून पुढे आला, पण तो इंग्रजांनी रचलेला वाटत नाही. त्याला मराठी चावडीचा वास आहे.

याच रघुजींनी एक गोष्ट मात्र मरेपर्यंत केली नाही: तैनाती फौज घेतली नाही. एल्फिन्स्टन आणि पुढे जेंकिन्स असे दोन रेसिडेंट दारात बसले असताना, शेजारी निजाम आणि पेशवा दोघेही कंपनीच्या फौजेच्या छत्राखाली गेलेले असताना त्यांनी ते टाळले. त्याची किंमत रयतेने मोजली. पेंढाऱ्यांना आवरायला राजाची फौज पुरी पडत नव्हती. १८११ मध्ये पेंढारी थेट नागपूरच्या उपनगरांपर्यंत येऊन जाळपोळ करून गेले. त्या वर्षांत नागपूर-भंडारा पट्ट्यात गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. राजाची शिबंदी येईल या भरवशावर न राहता पाटील आणि कास्तकार यांनी आपल्यापुरता तट घातला आणि धाड आली की गुरेढोरे घेऊन आत शिरायचे, असा तो मामला. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत या गढ्यांना जागा मिळत नाही. मला त्या महत्त्वाच्या वाटतात, कारण राजधानीत शिबंदीच्या हुकमावरून भांडण पेटायच्या आधीच गावाने आपला बंदोबस्त आपल्याकडे घेतला होता.

पूर्वेच्या जंगलपट्टीत तर ही रीतच होती. कामठा, प्रतापगड अशा जमीनदाऱ्या मुळात घाटवाटा आणि रस्ते राखण्याच्या बोलीवर दिलेल्या. जमीनदाराचे प्यादे त्याच्या हुकमाचे, राजाला ठराविक टाकोळी भरली की झाले. तुमसरजवळचा आंबागड, वैनगंगेवरची पवनी, साकोलीकडची सानगडी ही राजाची ठाणी. आंबागडचा उपयोग भोसल्यांनी बराच काळ कैदखाना म्हणूनच केला. म्हणजे भंडाऱ्यात हत्यारबंद माणसांचे तीन थर होते: राजाचे ठाणे, जमीनदाराचे प्यादे आणि गढीतला गाव. तिघांना एका हुकमात बांधणारा धागा वसुलीचा, आणि वसुली नागपुरातल्या पगारासाठी.

२२ मार्च १८१६ ला रघुजी वारले. मुलगा परसोजी शरीराने आणि बुद्धीने अधू. कारभार कोणी पाहायचा यावर लगेच दोन तट पडले. एकीकडे रघुजींची राणी बाकाबाई आणि खजिन्याची, वाड्याची सूत्रे हातात असलेले धर्माजी भोसले. दुसरीकडे परसोजींचे चुलतभाऊ आप्पासाहेब. एप्रिलमध्ये आप्पासाहेबांनी वाडा ताब्यात घेतला आणि धर्माजींना कैद केले. पुढे त्यांना ठार करण्यात आले. इथे लक्षात घ्यायचे ते असे की सगळी झटापट वाड्याचे पहारे आणि खजिना यांभोवतीच फिरली. गादीवर कोण बसणार यापेक्षा पहाऱ्यावर कोण आणि त्याला पैसे कोण देतो, हे दोन्ही बाजूंना आधी कळले होते.

आणि इथेच आप्पासाहेबांनी मेख मारून घेतली. घरातल्या विरोधकांच्या भीतीने त्यांनी मे १८१६ च्या अखेरीस जेंकिन्सशी गुपचूप तैनाती तह केला. कंपनीची फौज राज्यात राहणार, तिच्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये. शिवाय राजाने आपल्या खर्चाने ३ हजार स्वार आणि २ हजार पायदळ बाळगायचे, आणि त्यांची शिस्त, हजेरी, साजसरंजाम यात रेसिडेंटने लक्ष घालायचे. सगळ्यांचे लक्ष साडेसात लाखांकडे जाते. माझ्या मते विष दुसऱ्या कलमात होते. पैसा राजाचा, माणसे राजाची, पण हजेरी तपासणार परका. घटलेल्या उत्पन्नात आता तीन फौजा पोसायच्या होत्या: कंपनीची, रेसिडेंटच्या नजरेखालची आणि स्वतःच्या विश्वासातली. त्यातली पहिली दोन राजाला नको होती आणि तिसरी जेंकिन्सला.

१ फेब्रुवारी १८१७ ला परसोजी मृतावस्थेत सापडले. आप्पासाहेब गादीवर आले आणि त्याच सुमारास त्यांचे पुण्याशी सूत जमू लागले. रेसिडेंटची कुरकुर सुरू झाली की तहातली फौज भरलेली नाही, आणि दुसरीकडे अरबांची भरती चालली आहे. ५ नोव्हेंबरला पेशवा आणि इंग्रज यांच्यात खडकीची लढाई झाली. २४ तारखेला पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे आप्पासाहेबांनी जाहीरपणे घेतली. २६ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर मारा सुरू झाला.

लढाईचे वर्णन इथे विस्ताराने करत नाही, ते पुष्कळ ठिकाणी मिळते. लेफ्टनंट कर्नल स्कॉटच्या हाताखाली जेमतेम १,४०० माणसे, समोर सुमारे १८ हजार. २७ च्या सकाळी लहान टेकडी अरबांनी घेतली, कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी बाजू फिरवली, दुपारपर्यंत नागपूरची फौज मागे हटली. इंग्रजांची मेलेली आणि जखमी माणसे ३६७. एवढ्या मोठ्या फौजेतला फारच थोडा भाग खरोखर लढला, आणि जो लढला तो मुख्यतः अरबांचा, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लेखक मान्य करतात.

लढाई हरताच आप्पासाहेबांचे वकील रेसिडेन्सीत हजर झाले: झाले ते आमच्या हुकमाशिवाय झाले, शिपायांनी परस्पर केले. इंग्रज लेखकांनी हा निव्वळ कांगावा मानला, आणि सेनापतीची वस्त्रे घेऊन तीनच दिवस झाले होते हे पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण सबब खोटी असली तरी ती ज्या परिस्थितीवर बोट ठेवत होती ती खरी होती. १२ डिसेंबरला इंग्रज सेनानी डव्हटन मोठी फौज घेऊन पोहोचला. १५ ला निर्वाणीच्या अटी गेल्या: तोफा द्या, अरबांना रजा द्या, स्वतः या. १६ ला आप्पासाहेब आले. तोफा ताब्यात घ्यायला डव्हटन पुढे सरकला तेव्हा काही तोफा मुकाट मिळाल्या आणि पुढच्यांनी त्याच्यावरच तोंड उघडले. त्या दिवशी पाऊणशे तोफा आणि ४० हत्ती इंग्रजांना मिळाले, तरी आप्पासाहेबांचे सरदार गणपतराव आणि मानभट यांच्याबरोबरची माणसे निसटली. त्यांतले अरब शहरात शिरले.

मग वेढा पडला. अरबांचे म्हणणे तसे साधे होते: तुंबलेला पगार, आपली बायकापोरे, सामानसुमान आणि सुखरूप वाट. आप्पासाहेबांच्या निरोपांना त्यांनी किंमत दिली नाही. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला. तोफांनी तटाला पाडलेले खिंडार पुरेसे नव्हते, आतल्या घरांतून मारा झाला आणि हल्ला करणारी तुकडी मोठी हानी सोसून परतली. सीताबर्डीचा विजय सांगणाऱ्यांनी या दरवाजाची आठवण फारशी ठेवलेली नाही, आणि आपल्याकडच्यांनीही नाही. अखेर जुळले ते तडजोडीने. कुटुंबे, खासगी चीजवस्तू आणि हातातली हत्यारे घेऊन ते बाहेर पडणार, मलकापुरापर्यंत त्यांना इंग्रज अधिकाऱ्याची सोबत. हरलेल्या राजाला ज्या अटी मिळाल्या त्यांच्याशी या ताडून पाहाव्यात. जानेवारी १८१८ मध्ये आप्पासाहेबांना गादी परत मिळाली ती नर्मदेकडचा मुलूख, गाविलगड आणि उरलेले वऱ्हाड देऊन, आणि सीताबर्डीवर इंग्रजांची वस्ती मान्य करून. शिपायांचा सौदा धन्यापेक्षा सरस ठरला.

नागपूर याला अपवाद नव्हते. बडोद्यात १८०२ मध्ये हेच घडले होते, आणि तिथले चित्र जास्त स्पष्ट आहे. गायकवाडांच्या राज्यात अरब जमादार सावकारी व्यवहाराला जामीन राहत. त्याला बहांदरी म्हणत. राजाच्या शब्दापेक्षा जमादाराची बहांदरी वजनदार, म्हणून शहर त्यांच्या मुठीत. डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रज फौजेने वेढा घालून त्यांना काढले, पण त्यांचा थकलेला पगार कंपनीने आणि सावकारांनी उभ्या केलेल्या कर्जातून भागवूनच. त्यानंतर बहांदरी द्यायला कंपनी स्वतः पुढे झाली. म्हणजे अरब गेले आणि त्यांच्या जागी रेसिडेंट बसला. १८१८ च्या उन्हाळ्यात मालेगावच्या किल्ल्यात पुन्हा अरबच महिनाभर लढले. नागपूर, बडोदे आणि मालेगाव एकत्र ठेवून वाचले तर अरबांच्या शौर्याच्या किंवा बेइमानीच्या गोष्टी मागे पडतात आणि तुंबलेला पगार पुढे येतो.

या विषयावरचे लिखाण पाहिले तर ते दोन तटांत विभागलेले दिसते. व्हॅलेंटाइन ब्लॅकरचा युद्धाचा वृत्तांत १८२१ चा, ग्रँट डफचा इतिहास १८२६ चा, जेंकिन्सचा नागपूर राज्याचा अहवाल १८२७ चा. तिघेही कंपनीचे अधिकारी, आणि आप्पासाहेबांची दगलबाजी हा त्यांचा आधार. जेंकिन्स तर या खटल्यात फिर्यादीही आहे आणि न्यायाधीशही. तरी मुलखाची घडी, वसुली, शिपायांची रचना यांसाठी त्याच्या अहवालाला आजही पर्याय नाही. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची भोसल्यांची बखरही रेसिडेंटच्या सांगण्यावरून लिहिलेली, त्यामुळे मराठी साधन म्हणून ती डोळे मिटून वापरता येत नाही. मराठीत यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ मध्ये आला. वऱ्हाड-नागपूरच्या वाचकाला आपला इतिहास आपल्या भाषेत सलग मिळाला तो त्यांच्यामुळे. स्वातंत्र्यानंतर नागपूर रेसिडेन्सीची कागदपत्रे एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली छापली गेली, आणि १८१८ नंतरच्या काळावर आर. एम. सिन्हा यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आप्पासाहेब देशभक्त की दगाबाज, या वादात शाई बरीच खर्ची पडली. त्यांनी तह केला तो गादीसाठी आणि मोडला तोही गादीसाठी. त्यावरून त्यांना जोखून झाले तरी जुम्मा दरवाजाआडचे शिपाई कोणाचे होते, याचे उत्तर मिळत नाही.

भंडाऱ्याकडे वळू. मार्च १८१८ मध्ये आप्पासाहेबांना पुन्हा पकडले गेले, अलाहाबादकडे नेताना मे महिन्यात ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांमध्ये जाऊन राहिले. पांगलेले अरब तिकडे गोळा होऊ लागले. त्याच वर्षी कामठ्याचा कुणबी जमीनदार चिमणा पटेल उठला. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात आहे, १ मे १९९९ पूर्वी तो भंडाऱ्यातच होता. पवनीचा किल्लाही इंग्रजांना त्या साली हल्ला करूनच घ्यावा लागला. चिमणा पटेलाचे बंड मोडले ते कॅप्टन गॉर्डनने, आणि त्याच्या हाताखाली होती ती नागपूरच्या राजाचीच फौज. वर्षभरापूर्वी सीताबर्डीवर चाल करून गेलेल्या राज्याची माणसे आता इंग्रज कप्तानाच्या हुकमाने जुन्या राजाच्या पक्षपात्याला पकडत होती. कामठ्याची जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे दिली गेली.

जून १८१८ मध्ये रघुजींचा अल्पवयीन नातू तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसला. वाड्याचा कारभार बाकाबाईकडे, राज्याचा जेंकिन्सकडे. मुलखाचे पाच जिल्हे पाडले, त्यांतला एक वैनगंगेचा, म्हणजे आजच्या भंडाऱ्याचा, आणि प्रत्येकावर इंग्रज अधीक्षक. जेंकिन्सने ओळखलेली खरी गोष्ट ही की पगार वेळेवर झाला तर शिपाई कोणाचाही होतो. फौजेवर इंग्रज अधिकारी नेमले. १८२६ च्या तहात राजाला कारभाराचा काही भाग मिळाला, पण फौज इंग्रज अधिकाऱ्यांखालीच राहिली आणि तिच्या खर्चासाठी राज्यातले काही जिल्हे राखून ठेवले. लंडनच्या पार्लमेंटाने शिबंदीसाठी हुकूमनामा काढला होता, जेंकिन्सने तिच्यासाठी मुलूखच बाजूला काढला. १८२९ च्या अखेरच्या करारात मात्र गाडी उलटी फिरली: जिल्हे राजाला परत, इंग्रज अधिकारी फौजेतून बाहेर, आणि त्या बदल्यात कंपनीला दरसाल ८ लाख. वैनगंगेच्या भातखाचरांतून आणि तलावांखालच्या जमिनीतून येणारा पैसा पुन्हा राजाच्या शिबंदीला लागला. चोवीस वर्षे ही व्यवस्था चालली.

तिसरे रघुजी ११ डिसेंबर १८५३ ला वारले, औरस पुत्र नव्हता, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. राजाच्या फौजेतल्या माणसांना धरून नागपूर इर्रेग्युलर फोर्स उभी केली गेली. छावणी शहराला लागून टाकळीला. कामठीला मद्रास फौज होतीच.

१३ जून १८५७ च्या रात्री टाकळीच्या घोडेस्वारांनी उठायचे ठरवले होते. शहरातून मध्यरात्री आगीचे फुगे सोडले जाणार, ती खूण. शहर आणि छावणी यांच्यातला हा धागा जुना होता, कारण या स्वारांची घरे शहरातच होती. पायदळाला उठवायला गेलेला माणूस पायदळानेच पकडून दिला आणि बेत फसला. घोडेस्वारांची हत्यारे काढून घेतली, म्होरक्यांना फाशी दिली. वृद्ध बाकाबाईने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि नागपुरातले मानकरी जागचे हलले नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी वाड्याच्या पहाऱ्यांवरून आप्पासाहेबांशी भांडलेली हीच बाई. तिला इंग्रजधार्जिणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण पगार कंपनीच्या हातात असताना शिपाई किती वेळ उभे राहतील याचा अंदाज नागपुरात तिच्याइतका कोणाला नसावा. ती सप्टेंबर १८५८ मध्ये वारली. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, त्याच वर्षी पोलिसांचा कायदा (त्या सालचा पाचवा) आला, आणि नागपूर, भंडारा, चांदा, तिन्हीकडचा बंदोबस्त जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या हजेरीपटावर गेला.